‘क्लिअर’ म्हणायचं नाही

“मॅडम, आत्ता चाकाखाली काय आलं?”

“स्पीडब्रेकर.”

“नक्की ना?”

“हर्षदा, समोर पट्टे दिसत होते तुला. तूच गाडी स्लो केलीस. स्पीडब्रेकरवरून गेलं की दणका बसतो. क्लिअर आहे, चल.”

“मागे कोण पडलंय का, तेवढं बघा ना.”

मी मान वळवून बघितलं. मागे एक रिक्षा होती आणि फुटपाथवर एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते. आजोबा उभे होते, कुत्राही उभा होता. “कोणी पडलेलं नाही. चल पुढे.”

गाडी जेमतेम पुढच्या सोसायटीच्या गेटापर्यंत गेली असेल. “मॅडम, ते आजोबा आपण स्पीडब्रेकर ओलांडायच्या आधी होते की नंतर आले?”

एका तासाच्या लेसनमध्ये हे किती वेळा व्हायचं ते मोजणं मी दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिलं. कोपरखैरण्यात स्पीडब्रेकर कमी नाहीत. त्यात मॅनहोलची झाकणं आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक धरले, तर दर मिनिटाला माझी उलटतपासणी चालू होती.

मी बावीस वर्षं कोपरखैरण्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. माझ्या गाडीला ड्युअल कंट्रोल आहे, म्हणजे शिकणाऱ्यासारखाच माझ्याही पायाशी एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारा चुकला की मी ब्रेक दाबायचा. या धंद्यात तोंडाला काही शब्द कायमचे चिकटतात. क्लच सोड, मिरर बघ, क्लिअर आहे, चल. ‘क्लिअर’ म्हणजे रस्ता मोकळा आहे, मी बघितलंय, तू जा. माझ्या ‘क्लिअर’वर विश्वास ठेवून निम्मं कोपरखैरणे गाडी शिकलं, असं म्हणायला मला आवडतं.

हर्षदा सत्तावीस वर्षांची. वाशीच्या खाडीकडच्या कोळीवाड्यातली. तिची आई मंजुळाबाई मार्केटात मासे विकते. वडील टेम्पो चालवून पहाटे मासळी आणायचे, पण डायबेटिसने त्यांचे डोळे गेले आणि टेम्पो दारात उभा राहिला. बाहेरचे तीन ड्रायव्हर ठेवून झाले. एक यायचा उशिरा, दुसरा यायचाच नाही आणि तिसऱ्याला मासळीचा वास सहन होत नव्हता. कोळीवाड्यात नोकरी धरताना त्याला कसला वास अपेक्षित होता कोण जाणे.

गंमत म्हणजे हर्षदाला गाडी येत होती. लायसन्स होतं, कॉलेजात असताना वडिलांना शेजारी बसवून तिने हाच टेम्पो चालवलेला होता. मग दोन वर्षांपूर्वी चालवणं एकदम बंद केलं.

“ॲक्सिडेंट झाला होता?” मी पहिल्या दिवशी विचारलं.

“नाय.”

“कोणाला लागलं होतं? थोडंसं, खरचटलं वगैरे?”

“काहीच झालं नव्हतं, मॅडम. घरी आले, हात धुतले, जेवायला बसले, आणि वाटलं, त्या वळणावर कोण चाकाखाली आलं असेल तर? स्कूटी घेऊन बघायला गेले. कोण नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत तेच.”

मला वाटलं, कॉन्फिडन्स गेलाय. असे शंभर बघितलेत. पंधरा दिवसांत गाडीवर बसवते, असं मी मंजुळाबाईंना छातीठोकपणे सांगून टाकलं.

“बाय, पोरीला गारी येते का नाय तेवरं बघ,” मंजुळाबाई म्हणाल्या. “आता होड्या बंद होतील, दोन महिने टेम्पोला काम नाय. पन नारली पुनवेला दर्या उघरला का टेम्पो पायजे. नायतर गिऱ्हाईक हाय, इकून टाकनार. मंग मी पन बसते घरी.”

पावसाळ्यात माशांची वीण असते, म्हणून मासेमारी बंद ठेवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा बाहेर पडतात. म्हणजे माझ्याकडे एप्रिल ते नारळी पौर्णिमा एवढी मुदत होती. भरपूर झाली, असं मला वाटलं.

पहिले दहा दिवस ती विचारेल तितक्या वेळा मी उत्तर दिलं. मग मी डोकं चालवलं. तिला मागचं दिसत नसेल म्हणून शंका येते, असं धरून मी दोन्ही आरशांवर गोल फुगीर आरसे चिकटवले. त्यात जास्त रस्ता दिसतो. त्याचा परिणाम असा झाला की जास्त रस्ता दिसल्यामुळे जास्त माणसं दिसायला लागली आणि प्रश्न दुप्पट झाले.

मग मी मागच्या काचेला कॅमेरा लावला. हा माझा मास्टरस्ट्रोक होता. घरी मुलाला सांगितलंसुद्धा की बघ, तुझी आई किती हुशार आहे. लेसन संपला की तिला रेकॉर्डिंग दाखवायचं, पुरावाच समोर! दोन दिवस बाईसाहेब खूश. तिसऱ्या दिवशी तासाभराच्या लेसनचं रेकॉर्डिंग ती दीड तास बघत बसली. मागेपुढे करून, थांबवून, मोठं करून. माझ्या ऑफिसात पुढचा विद्यार्थी ताटकळत होता. आणि शेवटी तिने मान वर करून मला विचारलं, “मॅडम, यात चाकाच्या खालचं दिसत नाय ना?”

मी कॅमेरा काढून ड्रॉवरमध्ये टाकला. त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले. “तुला माझ्यावर विश्वास नाही का? बावीस वर्षं काय मी झोपा काढल्या?” ती म्हणाली, “तुमच्यावर आहे, मॅडम. माझ्यावर नाय.” तरी माझा राग काही गेला नाही.

खरं काय चाललंय ते त्यानंतरच्या आठवड्यात कळलं. एका शाळेजवळचा सिग्नल होता. लाल. हर्षदा छान तिसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. सिग्नल दिसतोय, थांबेल, म्हणून मीही निवांत. ती थांबलीच नाही. झेब्रावरून एक बाई दोन शाळकरी पोरींना घेऊन निघाली होती. मी माझा ब्रेक पूर्ण दाबला. गाडी त्या पोरींच्या दप्तरांपासून हातभर अंतरावर थांबली. बाईने बोनेटवर हात आपटला आणि जे ऐकवायचं ते ऐकवलं. तिचं बरोबर होतं.

गाडी बाजूला घ्यायला लावली. मी हँडब्रेक ओढला. “तुझं लक्ष कुठे होतं?”

“मागे.”

“मागे कुठे? तू समोर बघत होतीस!”

“डोळे समोर होते,” ती रडायला लागली. “मी मनात मागे होते.”

मग तिने सगळं सांगितलं. दणका बसला की ती मनातल्या मनात रस्ता उलटा फिरवायची. तिथे कोण होतं, मग त्याच्या आधी कोण, भाजीवाली, शाळेचा मुलगा, सायकलवाला. सगळे एकेक करून उभे दिसले पाहिजेत. एखादा चेहरा आठवला नाही की परत पहिल्यापासून. सगळे नीट दिसले की शेवटी एकवीरा आईचं नाव एकवीस वेळा, मनात. मध्ये कोणी बोललं तर मोजणी मोडली, परत एकपासून.

“मध्ये कोण बोलतं?” मी विचारलं.

“तुम्ही. सारख्या. क्लच सोड, मिरर बघ...”

म्हणजे महिनाभर मी शिकवत होते आणि माझ्या प्रत्येक वाक्यागणिक ती बिचारी एकपासून सुरुवात करत होती. कोणाला तरी मारू, या भीतीने ती मागे बघत राहिली आणि त्या नादात खरोखरच दोन पोरींना उडवणार होती. मला हसावं की डोकं आपटावं, कळेना. मी डोकं आपटलं नाही, पण इच्छा फार होती.

डॉ. केतकी वाशीत मानसोपचाराची प्रॅक्टिस करतात. बारा वर्षांपूर्वी त्या माझ्याकडे गाडी शिकल्या. हँडब्रेक न काढता गाडी चालवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. मी हर्षदाला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तिच्याशी तासभर बोलून घेतलं, मग मला आणि मंजुळाबाईंना आत बोलावलं. हे ओसीडी आहे, म्हणाल्या. नकोसा विचार वारंवार डोक्यात शिरतो आणि तो शांत करायला माणूस काहीतरी करत राहतो. कोणी शंभरदा हात धुतं, कोणी कुलूप तपासतं. हर्षदाचं सगळं मनात चालतं, म्हणून कोणाला दिसलं नाही.

“येरी झाली का ती?” मंजुळाबाईंनी सरळ विचारलं.

“नाही, हे वेड नाही. असे विचार सगळ्यांना येतात. गॅस बंद केला का, असं तुम्हालाही वाटतं ना? आपला विचार येतो आणि निघून जातो. हिचा येतो आणि उत्तर मागत बसतो. उत्तर दिलं की घटकाभर गप्प, मग अजून पक्कं उत्तर मागतो.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही तिला काय उत्तर देता?”

“खरं तेच. क्लिअर आहे, कोणी पडलं नाही.”

“दर वेळी?”

“विचारेल तितक्या वेळा. कामच आहे माझं.”

“मग तिचा निम्मा आजार तुम्ही पोसताय.”

मला असा राग आला की सांगता सोय नाही. या बाईला मी रिव्हर्स पार्किंग शिकवलं! मी म्हटलं, “मग काय सांगू? पडलंय कोणीतरी म्हणून?”

“माहीत नाही, म्हणायचं.”

“पण मला माहीत असतं!”

“तरीही. तिला खात्री द्यायची नाही. खात्री नसताना पुढे जायला शिकवायचं.”

“आणि खरंच कोणी आलं तर?”

“तर लोक ओरडतील, गाडी अडवतील. आपल्याकडे असं गुपचूप काही होतं का? आरसा बघायचाच, नियमाप्रमाणे, एकदा. तेवढं ड्रायव्हिंग. त्याच दणक्यासाठी दुसऱ्यांदा बघितलं की तो आजार.”

हर्षदाने हळूच विचारलं, “आणि एकवीरा आईचं नाव? ते पण बंद?”

“सकाळी देवासमोर हवं तेवढं घे. दणका बसल्यावर नाही.”

औषध सुरू झालं, दर आठवड्याला डॉक्टरांसमोर बसणं सुरू झालं, आणि ‘मी सांगेपर्यंत रस्त्यावर गाडी न्यायची नाही,’ असा डॉक्टरांनी दम भरला. बाहेर पडल्यावर मंजुळाबाई माझ्यावरच घसरल्या. घरीही हर्षदा रोज संध्याकाळी विचारायची, आई, आज कुठे कोण गाडीखाली गेल्याचं ऐकलंस का? आणि आई रोज सांगायची, नाय गं बाय. तेही आता बंद होतं.

“मी आई हाय तिची. पोर ररून इचारते, नी मी गप बसू? तुमचा जीव नाय तिच्यात, म्हनून तुमाला जमतं.”

मला जमत होतं असं त्यांना कोणी सांगितलं? मला तर अजिबात जमत नव्हतं.

जून-जुलै आम्ही एका फ्लायओव्हरखालच्या मोकळ्या, कोरड्या जागेत काढले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी तिथे वस्तू पसरायचे. अर्धं भरलेलं वाळूचं पोतं, फाटकी चप्पल, ओला गोणपाट, नारळाची सोडणं. हर्षदा पाठ करून उभी. मग गाडीत बसायचं, त्यावरून गाडी घालायची आणि न थांबता पुढे जायचं.

“मॅडम, काय होतं ते?”

“माहीत नाही.”

“तुम्हीच ठेवलं ना आत्ता?”

“माहीत नाही.”

“पोतं होतं ना?”

“माहीत नाही, हर्षदा.”

“तुम्ही खोटं बोलताय!”

बोलतच होते. बावीस वर्षांत विद्यार्थ्याशी इतकं खोटं कधी बोलले नव्हते. ती रडायची, चिडायची, एकदा गाडी तशीच सोडून चालायला लागली. भर पावसात मी छत्री घेऊन तिच्यामागे. एकदा माझ्याच तोंडून सवयीने निघून गेलं, “क्लिअर.” तिचा चेहरा असा फुलला! आणि मग तासभर ती प्रत्येक दणक्याला तो एक शब्द मागत राहिली. आठवड्याची मेहनत पाण्यात. डॉ. केतकींना फोन करून सांगितलं, तर त्यांनी मला शाळेतल्या मुलीसारखं झापलं.

उलट भलत्याच ठिकाणी माझी जीभ नको तेवढी पक्की झाली. एक बँकेतले साहेब शिकत होते. लेन बदलताना त्यांनी विचारलं, “मॅडम, मागे गाडी आहे?” मी म्हटलं, “माहीत नाही.” साहेबांनी भर रस्त्यात गाडी थांबवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच स्कूलचा बोर्ड उतरवावासा वाटला.

पण जुलै संपता संपता फरक दिसायला लागला. शंका येत होतीच. तिच्या कपाळावर आठी पडली की मला कळायचं. पण ती विचारायची नाही. ओठ घट्ट मिटून गिअर टाकायची. मनात मोजत नाहीस ना, असं मी एकदा विचारलं. “सुरू होतं, मॅडम. तीनपर्यंत गेले की सोडून देते. अर्धवट ठेवायला कसंतरीच होतं, उलटी आल्यासारखं.” मी इतकी वर्षं लोकांना पूर्ण करायला शिकवत आले, ही अर्धवट सोडायला शिकत होती, आणि ते जास्त कठीण होतं हे मला तिच्या हाताच्या घामावरून समजत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचा राग न येता अभिमान वाटला. डॉक्टरांनी आधी गल्लीची, मग मोठ्या रस्त्याची परवानगी दिली. शेवटचे आठ दिवस आम्ही टेम्पो काढला. त्याला माझ्या बाजूला ब्रेक नाही. मी आठही दिवस उजवा पाय पत्र्यावर दाबून बसत होते.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या गेल्या, मासळी आली. हर्षदाने एकटीने टेम्पो न्यायचा पहिला दिवस. उजाडायच्या आत मी कोळीवाड्यात पोचले. टेम्पोला झेंडूची माळ घातलेली. वडील ओट्यावर बसून इंजिनचा आवाज ऐकत होते. हर्षदा आत बसून आरसे लावत होती. तेवढ्यात मंजुळाबाई वाकल्या, पुढच्या चाकापाशी काहीतरी केलं आणि पदराला हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“काय ठेवलंत?”

“लिंबू. इतक्या दिसांनी गारी निंगते. चाकाखाली लिंबू नको?”

“तिला सांगितलंत?”

“सांगाचं काय त्येत?”

मी ओरडणार तेवढ्यात टेम्पो हलला. चाकाखाली फटकन आवाज झाला. आणि मागचे दोन्ही लाल दिवे लागले. तिने ब्रेक मारला होता.

टेम्पो तिथेच उभा. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, आणि तिला आम्ही दोघी दिसत होतो. ती आमच्याकडेच बघत होती. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, अगं लिंबू आहे, क्लिअर! एक शब्द टाकला असता, तर ती सुखाने गेली असती. आणि उद्या पुन्हा त्या शब्दासाठी थांबली असती. मंजुळाबाईंनी तोंड उघडलं. मी त्यांचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. त्या बाईने पोरीकडे बघत खालचा ओठ दातांत धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज काढला नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. कमीच असेल. मला त्या वेळात माझी सगळी बावीस वर्षं आठवली.

लाल दिवे विझले. टेम्पो निघाला, गल्लीच्या टोकाला इंडिकेटर देऊन वळला आणि दिसेनासा झाला. मंजुळाबाई तरातरा पुढे गेल्या, त्यांच्या मनगटाबरोबर मीही. चिरडलेलं लिंबू उचलून त्यांनी लांब फेकून दिलं आणि मला म्हणाल्या, “मनगट सोर आता.”

साडेनऊला फोन आला. मागे मार्केटचा गोंगाट.

“मॅडम, पोचले. माल उतरला.”

“कसं वाटलं?”

“तीन वेळा वाटलं, कोणतरी चाकाखाली आलं.”

“मग?”

“मग काय? बर्फ वितळत होता. पापलेटं उतरवायची होती.”

टेम्पोच्या गिऱ्हाइकाला मंजुळाबाईंनी त्याच दिवशी नको म्हणून कळवलं. हर्षदाचं औषध अजून चालू आहे, डॉक्टरांकडे जाणंही आहे. कधी कधी वाईट दिवस येतो, तेव्हा ती मला फोन करते आणि मी ‘माहीत नाही’ म्हणून फोन ठेवते. शिव्या खाते. मॅडम, तुम्ही फार दगडाच्या आहात, असं ती म्हणते.

गाडी शिकवण्यात सगळ्यात अवघड काय, असं नवीन मुलं मला विचारतात. त्यांना वाटतं मी हाफ-क्लच म्हणेन, फार तर रिव्हर्स. मी सांगते, गप्प बसणं. अजून मला धड येत नाही.